नोंद नाही

परवा माझी भावजय चार दिवस राहायला आली होती. येताना मेतकुटाचा डबा आणला आणि एक निळी फाईल. फाईल का आणली ते नंतर सांगते, आधी त्या फाईलविषयी.

माझा धाकटा भाऊ एप्रिल २०२१ मध्ये गेला. तालुक्याच्या गावी राहायचा. ताप आला, स्वॅब दिला, रिपोर्ट आला निगेटिव्ह. ताप उतरेना म्हणून छातीचा एचआरसीटी काढला, तर स्कोअर पंचवीसपैकी सतरा! पुतण्या रेमडेसिविरसाठी दोन दिवस तीन गावं फिरला. पाचव्या दिवशी सगळं संपलं. आम्ही कुणी जाऊ शकलो नाही. पीपीई किट घातलेल्या माणसांनी कोविडच्या नियमाप्रमाणे परस्पर अंत्यसंस्कार केले. आणि दवाखान्याच्या कागदावर मृत्यूचं कारण काय, तर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'.

म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. अहो, तो तर प्रत्येकाचाच थांबतो! मुलगा नापास का झाला असं विचारल्यावर 'पस्तीसपेक्षा कमी मार्क पडले म्हणून' असं उत्तर देण्यासारखंच हे.

मंडळी, ऊठसूट सरकारला शिव्या घालणाऱ्यांतली मी नाही. २२ मार्च २०२० ला मीही गॅलरीत उभी राहून थाळी वाजवली होती, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. आजार नवा होता, कुणालाच काही कळत नव्हतं. दोनच दिवसांनी रात्री आठला भाषण आणि बारापासून सगळा देश बंद, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण घाईत निर्णय चुकतात, हे समजू शकते. लोकांचा राग अजून का जात नाही याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, तो चुकांवरचा राग नाहीच. झालेलं झालंच नाही म्हणण्यावरचा आहे.

८ मे २०२० ची पहाट आठवते का? जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला लोकसभेत विचारलं गेलं, घरी परतताना किती मजूर दगावले? कामगार मंत्रालयाचं उत्तर, अशी माहिती ठेवलेली नाही. पुढच्या वर्षी २० जुलैला राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी सांगितलं, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची राज्यांकडून नोंद आलेली नाही. बाई तेव्हा आपल्याच दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशिक जिल्ह्याने एप्रिलमध्ये काय पाहिलं होतं! केंद्र म्हणालं, राज्यांनी कळवलं नाही. महाराष्ट्रात सरकार दुसऱ्या पक्षांचं, पण त्यांचंही म्हणणं तेच, आमच्याकडे तसा मृत्यू नाही. एवढ्या एका बाबतीत मात्र दोघांचं छान जमलं.

माझं आयुष्य कॅटलॉग भरण्यात गेलं. साहेब तपासणीला येणार असले की हजेरी फुगवायची, हे आमच्या खात्यात नवीन नव्हतं. २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडलीच नाहीत. मी तोवर निवृत्त झाले होते, पण मान खाली गेली. तिथे नसलेली मुलं हजर दाखवली होती, इथे गेलेली माणसं गेली असं लिहायला कुणी तयार नाही.

आणि खरं लिहिलं म्हणून काही आकाश कोसळत नाही. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने आपले आकडे पुन्हा तपासून आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले. सरकार पडलं का? नाही. उलट आमच्यासारख्यांना वाटलं, निदान हे लोक वही तपासून दुरुस्त तरी करतात.

माझे एक स्नेही म्हणतात, मोजून गेलेली माणसं परत येणार आहेत का? नाही येणार. पण पुढच्या वेळी खाटा किती लागतील, ऑक्सिजन किती लागेल, हे कशावरून ठरवणार? मे २०२५ मध्ये केंद्राचेच जन्ममृत्यू नोंदणीचे आकडे बाहेर आले. २०१९ मध्ये देशात सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२० मध्ये ८१ लाख, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. त्या एका वर्षात कोविडचे म्हणून मोजलेले मृत्यू सव्वातीन लाखांच्या आसपास. नोंदणी सुधारली म्हणूनही आकडा वाढतो, मान्य. पण एका वर्षात वीस लाखांनी? चौथीच्या मुलालाही ही वजाबाकी अडेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दोन वर्षांचा अंदाज ४७ लाख दिला, तेव्हा आपल्या सरकारने त्यांची पद्धतच चुकीची ठरवली होती.

२०२० मध्ये वापरला तो साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत, देवघरापर्यंत शिरले. त्या संतापातूनच चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. आमच्या वेळी सरकार घरात शिरलं नाही, आम्हीच त्याला फोनवर शोधत होतो.

असो. फाईलकडे येते.

सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर पन्नास हजारांची मदत ठरली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयासमोर जी माहिती आली, तिच्यानुसार महाराष्ट्राचे नोंदलेले मृत्यू १ लाख ४१ हजारांवर आणि मदतीचे अर्ज दोन लाखांहून जास्त. गुजरातेत नोंद दहा हजारांची आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. सरकारने घेतली नाही ती हजेरी लोकांनी स्वतःच जाऊन लावली!

आमचा अर्ज आधी नाकारला गेला, कारण पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही. भावजय म्हणाली, "वन्सं, पैशांचं राहू द्या. ते कोविडने गेले एवढं कुणीतरी लिहून द्यावं." पुतण्याने जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे एचआरसीटी, औषधांच्या पावत्या, स्मशानातली पावती, सगळं जोडून पुन्हा अर्ज केला. चार खेपा झाल्या. एका कारकुनाने तर विचारलं, "आजी, साक्षीदार आहे का?" शेवटी कागद मिळाला. पैसे तिने अजून बँकेतच ठेवलेत, हात लावलेला नाही.

तो कागद त्या फाईलमध्ये आहे, भावाच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटच्या मागे. यंदा त्यांच्याकडे घराचं रंगकाम काढलंय, सामान इकडचं तिकडे होणार. म्हणून ती फाईल माझ्याकडे ठेवायला आणली होती. मी ती कपाटात, माझ्या पेन्शनच्या कागदांवर ठेवली आहे.