नाव नसलेली क्रीमची डबी आज बाजूला ठेवा

तुमच्या घरात एखादी क्रीमची डबी असेल, तिच्यावर कंपनीचं नाव नसेल, घटकांची यादी नसेल, बॅच नंबर नसेल आणि 'आठ दिवसांत चेहरा उजळेल' असं सांगून कुणी ती हातात दिली असेल, तर हे वाचून संपायच्या आधी उठा आणि ती बाजूला ठेवा. आज रात्री ती चेहऱ्याला लावू नका. लग्नसराई तोंडावर आहे, घरोघरी नवऱ्या मुलींच्या आणि करवल्यांच्या चेहऱ्यांवर प्रयोग सुरू झाले आहेत, म्हणून एक त्वचारोगतज्ज्ञ या नात्याने हे घाईने लिहिते आहे.

अकोल्याची बातमी 2023 मध्ये वर्तमानपत्रांतून आली होती. कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणीने स्थानिक ब्युटिशियनकडून क्रीम आणली. चेहरा छान दिसू लागला, म्हणून आईने आणि बहिणीनेही तीच वापरली. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा दोष त्या क्रीममधल्या पाऱ्याचा निघाला. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही अशीच नोंद केली. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण त्यांच्याकडे आले. त्यांतल्या 15 जणांत या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरं करणारी क्रीम लावत होते. त्यातला दिलासा एवढाच, की क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली. वेळेत थांबलं तर मूत्रपिंड वाचू शकतं, म्हणून ही घाई.

पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत खरोखरच फरक दिसतो आणि मैत्रिणी विचारू लागतात, 'काय लावतेस गं?' तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. त्याची वाफही होते, त्यामुळे घरातल्या, क्रीम न लावणाऱ्या लहान मुलांपर्यंतही तो पोहोचू शकतो. आपल्याकडे 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत मिसळलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. नाव नसलेल्या डबीत असला कुठलाच नियम पाळलेला नसतो.

डबीवर थोडंफार छापलेलं असेल तर उजेडात धरून वाचा. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी हे शब्द म्हणजे पाराच. आणखी एक खूण आहे. 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल तर ती क्रीम पाऱ्याची असण्याची दाट शक्यता असते, कारण पारा सोन्याशी एकजीव होतो. जी क्रीम मंगळसूत्राला लागलेली चालत नाही, ती गालाला रोज दोन वेळा लावायची?

अशी क्रीम वापरली असेल आणि पायांवर, डोळ्यांभोवती सूज येत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. त्रास नसला तरी एकदा तपासणी करा. डबी कचऱ्यात टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरांना दाखवायला न्या. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते, आणि ती करा. तुमची डबी हाच पुरावा आहे.

आता मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबबद्दल. हिचं नाव छापलेलं असतं, बिल मिळतं, म्हणून ती सुरक्षित वाटते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावं आहेत. इसब, सोरायसिस यांसारख्या आजारांत ठरावीक दिवस वापरली तर ही औषधं उत्तम आहेत. पण हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर मिसळून ती 'डागांची क्रीम' म्हणून महिनोन्‌महिने चेहऱ्यावर थापली जातात. वहिनीला गुण आला म्हणून नणंद लावते, नणंदेची पाहून शेजारीण लावते. पुढे काय होतं ते मी रोज बघते. गालांची कातडी कागदासारखी पातळ होते, तिच्यातून बारीक लाल शिरा दिसतात, हनुवटीवर लव वाढते, कपाळावर एकसारख्या पुटकुळ्या उठतात. दारात ऊन लागलं तरी चेहरा पेटतो. मग मुलगी ट्यूब बंद करते, दोन दिवसांत चेहरा लालभडक होतो आणि घाबरून ती पुन्हा तीच ट्यूब लावते. या चक्रातून बाहेर यायला काही महिने लागतात.

देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यानंतर तज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं केलं. कायदा झाला, पण काउंटरवरची सवय गेली नाही. तुम्ही अशी ट्यूब दोन-चार महिने लावत असाल तर ती मनाने बंद-चालू करत बसू नका. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ती हळूहळू सोडवावी लागते आणि सोडवता येते.

मग चेहऱ्याची तक्रार असेल तर करायचं काय? आधी तक्रारीचं नाव कळू द्या, उपचार नंतर. हे साधं वाटतं, पण पॅकेज विकणाऱ्या ठिकाणी नेमकं उलटं चालतं. तिथे आधी मशीन ठरतं, मग तुमचा चेहरा त्यात बसवला जातो. मानेवर आणि काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसते तेव्हा कितीही घासलं तरी ती जात नाही, कारण तो मळ नसतो. बऱ्याचदा तो शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा इशारा असतो. अशा मुलीला डी-टॅनची नाही, रक्तातली साखर आणि वजन तपासण्याची गरज असते. हनुवटीवर राठ केस येत असतील आणि पाळी अनियमित असेल तर लेझरच्या आधी पीसीओडीची तपासणी हवी, नाहीतर पैसे जातात आणि केस परत येतात. वांग तर फार हट्टी. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी, उन्हाने तो वाढतो. त्याचा पाया म्हणजे रोजचं सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी ठरावीक काळापुरती दिलेली औषधं. लेझर हा त्यातला शेवटचा पर्याय, तोही जपून, कारण चुकीच्या हातात वांग आणखी गडद होतो. मुरुमांचं म्हणाल तर मुरुम शांत झाल्याशिवाय खड्ड्यांवर उपचार सुरू करू नयेत. खड्डे मायक्रोनीडलिंगने, लेझरने भरून येतात, पण अनेक बैठकांनंतर आणि बऱ्याच अंशी. 'पूर्ण गायब' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नीट केलेला केमिकल पील, म्हणजे चेहऱ्याला ॲसिड लावून केलेला उपचार, कसा असतो ते सांगते, म्हणजे तुम्हाला फरक ओळखता येईल. आधी दोन ते चार आठवडे घरी सनस्क्रीन आणि क्रीम लावून त्वचा तयार करून घेतात. ओठांवर वारंवार फोड येतात का, मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का, दिवस गेले आहेत का, हे विचारतात. पीलच्या दिवशी चेहऱ्यावरचं तेल पुसून डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ व्हॅसलिनने झाकतात. ग्लायकोलिक ॲसिड कपाळापासून ब्रशने लावतात आणि घड्याळ चालू करतात. डॉक्टरची नजर चेहऱ्यावरून हटत नाही. लाली दिसली की, ठरलेली मिनिटं झाली नसली तरी, सोडाबायकार्बच्या पाण्याने ॲसिड निकामी करतात. पांढुरका थर दिसेपर्यंत थांबलं तर तो भाग भाजतो आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर भाजल्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. ॲसिड लावून दुसऱ्या खोलीत फोन घ्यायला जाणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. लेझरचंही तेच. त्याचा प्रकाश रंगद्रव्य शोधत जातो आणि आपल्या त्वचेत ते वरच्या थरातही भरपूर असतं. म्हणून सावळ्या त्वचेसाठी 1064 नॅनोमीटरचा, खोल जाणारा लेझर जास्त सुरक्षित मानतात. कोणतं मशीन वापरणार, कानामागे आधी चाचणी करणार का आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा आहे का, हे विचारायला संकोचू नका.

सुई कातडीत जाणार असेल तर ती तुमच्यासमोर नवी फोडलेली असावी. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये स्वतःचंच रक्त वापरून केलेल्या फेशियलनंतर महिलांना एचआयव्हीची लागण झाली, ही नोंद तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने 2024 मध्ये प्रसिद्ध केली. आणि गोरं होण्यासाठी ग्लुटाथिऑनचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर उठून या. त्या कामासाठी त्याला आपल्या देशात मंजुरी नाही.

डॉक्टर निवडताना भिंतीवरची फ्रेम वाचा. एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी, तीही त्वचारोगाची, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. 'कॉस्मेटॉलॉजी'चं दोन दिवसांचं सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे. 'ऑफर आजच संपते' म्हणून दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. लग्न असेल तर किमान तीन-चार महिने आधी जा. शेवटच्या महिन्यात चेहऱ्यावर कोणताही नवा प्रयोग नको, मग तो पील असो, लेझर असो की मामीने सांगितलेला लेप.

पार्लर चालवणाऱ्या ताईंनो, तुमच्याविरुद्ध हे लिहिलेलं नाही. थ्रेडिंग, क्लीनअप, मेकअप हे तुमचं कसब आहे आणि त्यावर अनेक घरं चालतात. पण एजंट आणून देतो ती बिननावाची डबी ठेवू नका, ॲसिड आणि सुई हातात घेऊ नका. गिऱ्हाईक तुमच्यावर विश्वास टाकून डोळे मिटून बसतं. मेडिकलवाल्या दादांनो, चिठ्ठी नसेल तर स्टिरॉइडची ट्यूब देऊ नका. ओळखीच्या माणसाला तर मुळीच देऊ नका.

आणि आईवडिलांनो, मुलीचा जन्माचा रंग कायमचा बदलणारा कोणताही उपचार माझ्याकडे नाही, तो कुणाकडेच नाही. वांग, मुरुम, डाग यांसाठी जरूर या, त्यांवर चांगले उपचार आहेत. पण स्थळ नाकारेल या धास्तीने तिच्या हातात ती डबी ठेवू नका. आज घरी गेल्यावर तिच्या कपाटातल्या क्रीम एकदा तिच्यासोबत बसून वाचा. ज्या क्रीमवर नाव नाही, ती आजच पिशवीत बांधा आणि उद्या तपासायला घेऊन या.