आई दारू सोडते, तेव्हा मुलीचे काय?

महाराष्ट्रात दारूच्या प्रश्नावर आजवर जेवढी चर्चा झाली, तीत स्त्री नेहमी एकाच जागी उभी दिसते : दारुड्या नवऱ्याची बायको म्हणून. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान तिच्यासाठी. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेल्या आणि २०२१ मध्ये उठलेल्या दारूबंदीमागेही तिचीच मागणी होती. ती स्वतः पिणारी असू शकते, हे आपल्या हिशेबातच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशात मद्यपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे १ टक्का, तर पुरुषांचे १९ टक्के आढळले. आकडा लहान असल्याने लाज मात्र वाढते, आणि ती झाकण्याचे काम बहुधा मुलीच्या वाट्याला येते. आई पालकसभेला का आली नाही, याचे उत्तर ती दहाव्या वर्षीच तयार ठेवते.

पुण्याच्या 'मुक्तांगण'ने २००९ मध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हे स्वतंत्र केंद्र सुरू केले, ही मोठीच गोष्ट. तथापि घरातली खरी अडचण उपचारांनंतर सुरू होते. आईकडे एक तारीख असते : अमुक दिवसापासून थेंबही नाही. मुलीकडे अशी तारीख नसते. स्वतःच्या संसारात रमलेली, तिशीतली मुलगी संध्याकाळी सातनंतर फोन करते, ती आईचा आवाज जड येतो का, हे ऐकण्यासाठी. आईलाही ते कळते. 'वर्ष झाले, अजून विश्वास नाही?' हा तिचा प्रश्न रास्तच. पण वीस वर्षांची सवय वर्षभरात कशी सुटावी? नातेवाईक लगेच 'शेवटी आई ती आईच' असे ऐकवतात. दारुड्या बापाशी बोलणे टाकणाऱ्या मुलाला एवढी नावे ठेवली जात नाहीत, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या बारा पायऱ्यांपैकी नववी या संदर्भात नीट वाचावी. ज्यांना दुखावले त्यांची शक्य तेथे थेट भरपाई करावी. मात्र त्यातून त्यांना वा इतरांना इजा होणार असेल, तर करू नये. ही पायरी आईने चढायची आहे. मुलीने क्षमा केलीच पाहिजे, असे तीत कोठेही नाही. तरीही आई पुन्हा प्यायली की 'लेकीने साथ दिली नाही' हा ठपका तयारच असतो.

नातेवाइकांसाठी १९५१ पासून 'अल-अ‍ॅनॉन' हे स्वतंत्र गट आहेत. तेथे जाण्यासाठी आईने दारू सोडलेली असण्याची अट नाही.