सिंहापासून पंचवीस मीटर

केनियातल्या मसाई मारात सिंह दिसला, तर गाडी त्याच्यापासून किमान २५ मीटर लांब उभी करायची, एका प्राण्याभोवती ५ हून जास्त गाड्या जमवायच्या नाहीत आणि मागे कोणी ताटकळत असेल तर १० मिनिटांत जागा सोडायची, असा तिथला नियम आहे. मॉरिशसच्या कासेला उद्यानात मात्र पर्यटकांच्या हाती काठी देऊन त्यांना सिंहांबरोबर फिरायला नेण्याचा कार्यक्रम बरीच वर्षं चालत आला. दोन्हीकडे वाटाडे असतात, दोन्हीकडे पैसे मोजावे लागतात आणि दोन्हीकडे ठाण्याची कुटुंबं जातात. कोपरीतल्या सोसायट्यांमध्ये दिवाळीचा फराळ संपता संपता मे महिन्याच्या सहलीची बोलणी सुरू होतात. त्या बोलण्यांत आता सिंगापूर-थायलंडच्या जोडीला केनिया आणि मॉरिशसही आले आहेत.

परवडण्या-न परवडण्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आम्हाला इथे तोलायचं आहे ते वेगळं. मुलाबाळांना घेऊन सिंहाच्या किती जवळ जावं, आणि त्या जवळिकीची किंमत आपल्याखेरीज आणखी कोण मोजतं?

काठी घेऊन सिंहामागे चालणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकून घेऊ, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हे सिंह बंदिवासातच जन्मलेले, माणसाच्या हातून दूध प्यायलेले. जंगल त्यांनी पाहिलेलं नाही आणि आता सोडलं तरी ते तिथे जगणार नाहीत. त्यांच्या रोजच्या मांसाचा खर्च तिकिटांतूनच निघतो. सोबत जाणकार सेवक असतात. आणि बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला चार पावलांवरून सिंहाचा श्वास ऐकू आला, तर तो त्याला जन्मभर विसरायचा नाही. मराठी वाचकाला तर हे दृश्य परकंही वाटत नाही. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांच्याशी लाडीगोडी करणारे बिबटे छायाचित्रांत पाहत आपल्याकडची एक पिढी मोठी झाली. श्वापदाशी मैत्री होऊ शकते, हे आपल्याला त्या छायाचित्रांनी पटवलं.

पण हेमलकशाची गोष्ट पुरती आठवावी. तिथे आली ती शिकारीत आई गमावलेली पिल्लं. माडिया कुटुंबांनी ती खाण्याऐवजी आपल्याकडे आणून द्यावीत, असं आमटे यांनी सांगितलं आणि त्यातून ते गोकुळ उभं राहिलं. पिल्लू कुरवाळण्याचं तिकीट तिथे कोणी लावलं नव्हतं, की तिकीटवाल्यांसाठी पिल्लं जन्माला घातली जात नव्हती. तरीसुद्धा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्या हाताळणीवर हरकत घेतली. आमटे यांच्याविषयी आदर बाळगूनही आम्हाला ती हरकत अगदीच गैरलागू वाटत नाही. मग जिथे कुरवाळणं हाच धंदा आहे, तिथे किती बारकाईने पाहायला हवं?

दक्षिण आफ्रिकेत या धंद्याचं गणित उघडं पडलं आहे. सिंहिणीची पिल्लं जगली तर पुढची वीण साधारण दोन वर्षांनी होते. पिल्लं काढून घेतली तर ती काही आठवड्यांतच पुन्हा माजावर येते. म्हणून पैदास केंद्रांत पिल्लं लहानपणीच उचलतात. त्यांना बाटलीने दूध पाजायला आणि मांडीवर घेऊन फोटो काढायला पर्यटक पैसे देतात. पण सिंहाचं पिल्लू काही महिन्यांतच मांडीवर मावेनासं होतं, म्हणून पुढचं पिल्लू तयार लागतं. थोडा मोठा झाला की तो माणसांबरोबर चालायच्या कामाला लागतो. त्याहून मोठा झाला की कुंपणातल्या शिकारीला, आणि शेवटी हाडं. हाडांच्या निर्यातीसाठी त्या देशाने २०१७ मध्ये ८०० सांगाड्यांचा कोटा ठरवला होता, पुढच्या वर्षी तो १,५०० वर नेला. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने हे कोटे बेकायदा ठरवले. त्या देशात बंदिस्त सिंह ८,००० च्या वर असल्याचा अंदाज आहे, मोकळे सिंह त्याच्या निम्मेही नाहीत. २०२१ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने ही पैदास थांबवायची शिफारस केली आणि २०२४ मध्ये तिथलं मंत्रिमंडळ त्या दिशेने पुढे सरकलं. दक्षिण आफ्रिकेतल्या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेने तर २०१९ मध्येच पिल्लं हाताळणं आणि श्वापदांबरोबर चालणं हे दोन्ही प्रकार नकोत असं म्हटलं होतं. धंदा करणाऱ्यांनीच धंद्यातल्या एका मालाला नको म्हणावं, हे रोज घडत नाही.

प्रत्येक सिंहफेरीमागे बंदुकवाला उभा असतो, असं म्हणणं अर्थात अन्यायाचं होईल. मॉरिशसचे सिंह शिकाऱ्यांना विकले जातात, असा आरोप आम्ही करत नाही. पण तिथल्या फेरीला ‘संवर्धन’ म्हणता येईल का? त्या बेटावर सिंह कधी नव्हताच. त्याला सोडणार कुठे, उसाच्या मळ्यात? उरतो तो त्याला पोसण्याचा खर्च. तो काचेपलीकडून किंवा गाडीतून पाहणाऱ्यांच्या तिकिटांतूनही निघू शकतो. हातात काठी घेण्याची त्यासाठी गरज नाही.

आणि सुरक्षेचं म्हणाल, तर २०१५ च्या जूनमध्ये जोहान्सबर्गजवळच्या एका लायन पार्कमध्ये गाडीची काच खाली असल्यामुळे एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव गेला. ती चालतसुद्धा नव्हती. कोपरीकरांना हे निराळं सांगायला नको. २० फेब्रुवारी २०१९ ला, महामार्ग ओलांडला की लागणाऱ्या कोरम मॉलच्या वाहनतळात बिबट्या शिरला होता, आणि मग जवळच्या एका हॉटेलात त्याला भूल देऊन पकडलं होतं. त्या दिवशी त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं ठाण्यात कोणालाही वाटलं नाही. तोच माणूस विमानाने चार-पाच हजार किलोमीटर गेला की त्याला तसं का वाटतं, हे आम्हाला कोडंच आहे.

आता गाडीतून बघण्याकडे वळू. आमचा कल तिकडेच आहे, पण तो व्यवहारही धुतल्या तांदळासारखा नाही.

त्याच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पैसा कुठे जातो ती. सिंहाशेजारी राहणं ही फुकटची चैन नव्हे. १८९८ मध्ये युगांडा रेल्वेचा त्सावो नदीवरचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजूर उचलायला सुरुवात केली. रेल्वेच्या नोंदीप्रमाणे त्यात मेलेले हिंदुस्थानी मजूरच २८ होते. (आपल्याकडची माणसं आफ्रिकेत सिंह ‘बघायला’ जाण्याच्या कितीतरी आधी ही ओळख झाली होती.) आज ती किंमत मसाई गुराखी गायींच्या रूपाने भरतो. २०१५ च्या डिसेंबरात मारामधल्या प्रसिद्ध ‘मार्श’ कळपावर विषप्रयोग झाला. बीबीसीच्या मालिकेमुळे जगभर ओळखीची झालेली बीबी ही सिंहीण त्यात गेली. २०२३ च्या मे महिन्यात अंबोसेलीच्या परिसरात एका आठवड्यात दहाएक सिंह भाल्यांना बळी पडले. त्यात १९ वर्षांचा लूनकिटोही होता. जंगलात एवढं वय गाठणारा सिंह विरळाच. केनियाच्या २०२१ च्या गणनेत सगळ्या देशात मिळून सिंह भरले २,५८९. त्यातले एका आठवड्यात दहा जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

जुन्नरच्या उसात बिबट्याच्या सावलीत पोर शाळेला धाडणाऱ्या बाईला हा सगळा हिशेब पाठ असेल. म्हणूनच मारा अभयारण्याभोवतीच्या मसाई जमीनमालकांनी २००६ नंतर उभ्या केलेल्या राखीव पट्ट्यांना, नाबोईशो, मारा नॉर्थ वगैरेंना, आम्ही महत्त्व देतो. तिथे पर्यटन कंपन्या जमिनीचं भाडं दर महिन्याला थेट मालकांना देतात. सिंह जिवंत राहिला तर घरात पैसा येतो. २०२० मध्ये महासाथीने पाहुणे थांबले तेव्हा हे भाडं आटलं आणि या व्यवस्थेचं एकाच खांबावर उभं असणंही दिसलं. पण खांब आहे एवढं तरी त्यातून कळलं.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. मारामध्ये चित्त्यांवर फेम्के ब्रूखूइस यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची गर्दी जास्त असलेल्या भागात चित्ता मादीने वाढवून मोठी केलेली पिल्लं सरासरी ०.२ निघाली, कमी गर्दीच्या भागात २.३. म्हणजे दहापटीचा फरक. सिंह चित्त्याइतका बुजरा नाही हे खरं, पण गाड्या त्याच, वाटा त्याच. हे आफ्रिकेचंच दुखणं आहे असंही नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या उमरेड-कऱ्हांडलात एफ-२ वाघीण आणि तिची ५ पिल्लं जिप्सींच्या वेढ्यात अडकली. ती चित्रफीत फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वाटाडे आणि चालकांवर कारवाई झाली. गाडीत बसलेल्यांचं काय झालं, हे कोणी फारसं विचारलं नाही. आमच्या मते चूक तिथे सुरू होते. वाटाड्याची बरीचशी कमाई बक्षिशीवर असते. मागच्या बाकावरून ‘भाऊ, अजून थोडं पुढे घ्या ना’ किंवा त्याचं इंग्रजी रूप आलं, की नियम आणि घरखर्च यांतलं एक त्याला निवडावं लागतं. केनियात वाटाड्यांच्या संघटनेच्या परीक्षा असतात, कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा श्रेणी असतात. सुवर्णश्रेणीचा माणूससुद्धा सहा पाहुण्यांच्या नाराजीपुढे एकटाच असतो.

मग जाऊच नये का? असं म्हणणारे आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जुनागढच्या सक्करबागेतून आणलेले सिंह आहेत, तिथली सफारी अर्ध्या दिवसात होते. गीर आणि त्याच्या आसपासच्या भागात मिळून २०२५ च्या गणनेनुसार ८९१ सिंह आहेत आणि तिथे रेल्वेने जाता येतं. एवढी विमानं उडवायची कशाला? यातलं गीरचं म्हणणं आम्हाला मान्य आहे, आधी गीर पाहून मग आफ्रिकेला जावं इतपत. बोरिवलीचं तितकंसं नाही. जाळीदार बसमधून कुंपणातला सिंह बघणं लहान मुलांना पुरेसं आहे. पण कळप शिकारीला कसा पांगतो, नर कसा अलिप्त पडून राहतो, पिल्लं कोणत्याही सिंहिणीच्या पोटाला कशी लुचतात, हे कुंपणात दिसत नाही. शिवाय सगळेच घरी बसले तर नाबोईशोच्या जमिनीचं भाडं कोण भरणार, याचं उत्तर घरी बसा म्हणणाऱ्यांकडे असायला हवं.

तेव्हा आमचा कौल असा: जरूर जावं, गाडीतूनच बघावं आणि सहलीच्या कार्यक्रमात ‘लायन वॉक’ किंवा पिल्लांबरोबर फोटो असेल तर पैसे भरण्याआधीच तो काढून टाकायला सांगावं. पुरेशा लोकांनी सांगितलं की कंपन्या ऐकतात. जैन जेवण त्यांनी असंच ऐकून सुरू केलं. शक्य असेल तर निदान दोन मुक्काम राखीव पट्ट्यात घ्यावेत. मेचा शेवट किंवा जूनचा पहिला आठवडा वाईट नाही. पावसाने वाटा चिखलाच्या असतात आणि नदी ओलांडणारे गव्यांसारख्या विल्डबीस्टचे लोंढे तेव्हा दिसत नाहीत, पण गाड्या कमी असतात. अभयारण्याचं प्रवेशशुल्कही परदेशी प्रौढाला दिवसाला १०० डॉलर पडतं, जुलैपासून ते दुप्पट होतं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, तेवढं लक्षात असू द्यावं. आणि पहिल्या सकाळी गाडीत बसतानाच वाटाड्याला सांगावं, की जवळ नेलं नाही तरी बक्षीस ठरलेलंच आहे.

कुटुंबाच्या हातात एवढंच आहे. बाकीचं सहल कंपन्यांच्या. आपल्याकडच्या मोठ्या गटात छत्तीस माणसं धरा. एका गाडीत सहा, म्हणजे सहा गाड्या. एकाच सिंहाकडे त्या सगळ्या वळल्या तर दुसरं कोणी यायच्या आधीच पाचाचा नियम मोडलेला असतो, आणि मोडणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. यावर उपाय अवघड नाही. टूर मॅनेजरने तीन गाड्या नदीकडे धाडाव्यात, तीन टेकडीकडे, आणि बिनतारी यंत्रावरून एकमेकांना बोलावू नये. परतायच्या वेळा मग जुळणार नाहीत. वरणभात दोन पंगतींत वाढावा लागेल आणि स्वयंपाकी थोडा कुरकुरेल.