हात पसरणे आणि हिशेब मांडणे

‘फादर, आपण काय भिकारी आहोत?’ आमच्या धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेत एका ज्येष्ठ सभासदाने हा प्रश्न विचारला आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. विषय साधा होता. वसईच्या सामवेदी बोलीत आमच्या वृद्ध माता मांडवात जी गाणी म्हणत आल्या, ती ध्वनिमुद्रित करावीत; घरोघरी पेटाऱ्यांत पडून असलेल्या जुन्या वह्या व छायाचित्रे यांच्या प्रतिमा घ्याव्यात; हे सारे धर्मग्रामाच्या वाचनालयात सर्वांसाठी ठेवावे आणि या कामासाठी अनुदानाचा अर्ज करावा, अशी सूचना आम्ही मांडली होती. गाण्यांना कोणी विरोध केला नाही. विरोध झाला तो अर्जाला. समाजाच्या अब्रूचा उल्लेख त्या सायंकाळी वारंवार झाला.

त्या ज्येष्ठांविषयी आम्हाला आदर आहे. परंतु त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम अब्रूचा विचार करू. आपल्या समाजातील किती घरे शिक्षकाच्या पगारावर उभी राहिली? अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन शासनाच्या अनुदानातून येते. तो पगार घेताना कोणाची मान खाली गेली नाही, आणि जायचे कारणही नव्हते. कारण त्या पैशाच्या मोबदल्यात मुले शिकत होती. शाळेची इमारत, दवाखाना, सभागृह यांसाठी आपण दात्यांची दारे ठोठावली आणि त्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्याही आनंदाने बसवल्या. म्हणजे विटांसाठी मागितले तर ती सेवा आणि शब्दांसाठी मागितले तर ती भीक, असा हा न्याय आहे. खरे दुखणे अब्रूचे नाही. भाषा, गाणी, आठवणी या गोष्टी खर्च करण्याच्या लायकीच्या आहेत, यावरच आपला विश्वास नाही.

ज्यांचा विश्वास होता त्यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्येही ते छापले. त्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे, कोणीतरी हाताने उतरून काढलेल्या आणि कोणीतरी जपून ठेवलेल्या वह्यांमुळे. १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, तो अशा वह्या हाती होत्या म्हणूनच. उतरून काढणाऱ्याला कागद लागला, शाई लागली, जेवण लागले. तो खर्च कोणी तरी सोसला. ‘हे काय पोटापाण्याचे काम आहे?’ असे त्या वेळी सर्वांनीच म्हटले असते, तर आज मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभिमानाची भाषणे आपण कशाच्या जोरावर केली असती?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परक्याचा पैसा आला की परक्याची इच्छाही येते, असे तरुण मंडळी म्हणतात. हे अर्धे खरे आहे. परंतु त्यावर उपाय पळून जाणे हा नसून अटी वाचणे हा आहे. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यात आलेल्या दप्तरांसाठीचा उपक्रम २००४ पासून डिजिटल प्रतींसाठी निधी देतो. मूळ कागद त्या त्या देशातच राहावेत, ही त्याची अट आहे. या अटीत आपले काय बुडते? बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेकडे भारतीय भाषेतूनही प्रस्ताव पाठवता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला त्याच्या वर्गाप्रमाणे दरवर्षी अनुदान मिळते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास बांधून घेतले, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला, संस्कृती व सार्वजनिक ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. यांतील एकाही दाराशी आपण आजवर कितीदा गेलो?

प्रत्येक दाराची उंची मात्र निराळी असते, आणि ती मोजूनच आत शिरावे लागते. हस्तलिखितांसाठी २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाच्या व्याख्येत किमान पंचाहत्तर वर्षे जुने आणि ज्ञानाचा आशय असलेले हस्तलिखित बसते. जमीन-महसुलाचे कागद बसत नाहीत. म्हणजे पणजोबांनी हाताने लिहिलेली प्रार्थनांची किंवा औषधांची जुनी वही तेथे चालेल, वाडीचा दाखला चालणार नाही, आणि मांडवातील गाण्यांसाठी तर दुसरेच दार शोधावे लागेल. परदेशी निधीचा रस्ता त्याहून अरुंद आहे. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच जमा व्हावा लागतो, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांवर नेता येत नाही, आणि एका संस्थेने घेतलेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे ‘मोठ्या संस्थेने घ्यावे आणि आमच्या मंडळाला द्यावे’ हा आपला आवडता मार्ग आता बंद आहे. हे नियम जाचक आहेत, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्यांनी ते वाचलेच नाहीत, त्यांनी जाचाची तक्रार करू नये.

येथे आम्हाला आमचीच चूक कबूल केली पाहिजे. परिषदेच्या विरोधानंतरही काही वर्षांपूर्वी आम्ही एक अर्ज पाठवला होता. तो फेटाळला गेला. आम्ही दुखावलो आणि ‘आपल्या लोकांना कोण विचारतो’ असे चार ठिकाणी बोललोही. पुढे एकदा त्या अर्जाची प्रत पुन्हा वाचली, तेव्हा लाज वाटली. ‘समृद्ध सांस्कृतिक वारसा’ हे शब्द पानोपानी होते. पण गाणी किती, गाणाऱ्या माता किती, त्यांची संमती कोण घेणार, बोलीचा अर्थ लिहून कोण काढणार, ध्वनिफिती कोठे राहणार आणि पाच वर्षांनी त्या कोण सांभाळणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. अंदाजपत्रकात यंत्रांसाठी मोठी रक्कम होती आणि लिहून काढणाऱ्यासाठी एक रुपयाही नव्हता. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. आपल्याला नेमके काय हवे ते दोन पानांत सांगायला मात्र शिकलो नव्हतो. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला आम्ही वेदीवरून कितीदा समजावून सांगितला असेल! अर्ज म्हणजे तोच हिशेब. त्यात हात पसरणे नाही. आपले काम आपल्यालाच किती समजले आहे, याची ती परीक्षा आहे.

त्या परीक्षेत आम्ही नापास झालो, त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. सर्वांत जास्त गाणी ज्यांना येत होती, त्या आजी गेल्या पावसाळ्यात देवाघरी गेल्या. अंत्यविधीला आलेल्या त्यांच्या नातीने आम्हाला विचारले, ‘फादर, तुम्ही आजीची गाणी भरून घेणार होता ना?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता तिसरा आक्षेप: ‘आपल्याच समाजात पैसा आहे, बाहेर कशाला जायचे?’ हा आक्षेप आम्ही मनापासून स्वीकारतो, फक्त तो आचरणात आणावा एवढीच विनंती आहे. सणाच्या एका रात्रीचा मंडप, बँड आणि आतषबाजी यांच्या खर्चात आमच्या प्रस्तावातील वर्षभराचे काम झाले असते. ज्यांनी अब्रूसाठी अर्ज अडवला, त्यांनी त्या अब्रूची वर्गणी मात्र अजून दिलेली नाही. आणि स्वतःचा वाटा उचलणाऱ्यालाच अनुदानही सुकर होते. कारण अर्जदार स्वतः काय घालणार, पैसा, जागा की श्रम, हे जाणता दाता पाहतोच. ज्या कामाला घरचा एक पैसाही लागत नाही, त्या कामाला परक्याने का द्यावे?

म्हणून धर्मग्रामांतील कुटुंबांना आमचे सांगणे आहे. यंदाच्या सणाच्या जमाखर्चात या कामासाठी एक ओळ घाला, रक्कम लहान असली तरी चालेल. एक निवृत्त शिक्षक, एक हिशेबनीस आणि बोली समजणारी एक तरुण मुलगी, एवढी तिघांची समिती नेमा. गाणाऱ्या मातांची यादी करा, त्यांची संमती घ्या आणि हातातल्या मोबाइलवर पहिले गाणे याच महिन्यात भरून घ्या. मगच अर्ज लिहा. जे काम अनुदान न मिळाले तरी आपण करणारच आहोत, त्याच कामासाठी मागा. म्हणजे दात्याची इच्छा तुमच्यावर स्वार होणार नाही. नकार आला तर कारण विचारा, अर्ज सुधारा, पुन्हा पाठवा.

भिकारी आम्ही आहोत का, या प्रश्नाचे उत्तर अखेर एवढेच आहे: आपल्या पेटाऱ्यात काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्याइतका दरिद्री कोणी नाही. पेटारा उघडून, मोजून, हिशेब घेऊन जो दारात उभा राहतो, त्याला कोणी भिकारी म्हणत नाही.