पड रानात जेसीबी घालायची घाई नको



आमच्या बांधाला लागून दीड एकर पड रान आहे. ते यंदा मुंबईची नोकरी सोडून आलेल्या एका पोराने घेतलंय. पोरगा कष्टाळू आहे, बायकोही सोबत राहायला आलीय. परवा म्हणाला, "काका, रविवारी जेसीबी सांगितलाय. एका दिवसात सगळं मैदान करून टाकतो." मी म्हटलं, थांब जरा. त्याला काही ते पटलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

हीच चूक मी 2009 साली केलीय. वाटणीत एक एकर दहा गुंठे आलं, तेही बरीच वर्षं पडलेलं. बाभळी, बोरी, टणटणी, आत माणूस शिरत नव्हता. मे महिन्यात जेसीबी घातला, दोन दिवसांत मुळासकट सगळं उपटून पेटवून दिलं. रान आरशासारखं! येईल त्याला नेऊन दाखवत होतो. चुलते तेवढे म्हणाले, "उताराचं रान हाय, एकदम उघडं पाडू नगं." कोण ऐकतंय.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि एका रात्रीत वरच्या अंगाची माती ओढ्यात गेली. आमच्याकडे मुरमावर माती मुळात वीतभर. आजही त्या कोपऱ्यात बाजरी गुडघ्याएवढी होते आणि पिवळी पडते. शेणखताच्या ट्रॉल्या मोजायच्या मी सोडून दिल्यात.

जेसीबीला मी नावं ठेवत नाही. ताल घालायला, दगड हलवायला त्याच्यासारखं काही नाही. पण ताल कुठं घालायची हे पाणी कुठनं वाहतंय ते बघितल्याशिवाय कसं कळणार? म्हणून नव्या रानात एक पावसाळा नुसता हिंडा. पाणी कुठं साठतं, कुठं घळ पडते, ते बघून खुणा करा. तोवर घरापुरती दहा गुंठे जागा साफ केली तरी भागतं.

टणटणी तोडून किंवा जाळून जात नाही, बुडातनं जास्त फुटवे येतात. जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली कुदळीनं मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, म्हणजे परत मुळं धरत नाही. फळं पिकायच्या आत हे उरका, नाहीतर पाखरं बी सगळ्या शिवारात नेतात. आणि हराळी असेल तर रोटर अजिबात नको. एका काडीचे वीस तुकडे होतात आणि वीसही उगवतात. मी करून बसलोय.

झाड काढायचंच असेल तर आधी परवानगी लागते का ते विचारा, मग बुडाशी कापा. उताराला मुळं आत राहू द्या, ती माती धरतात. बांधावरचं तर मोजणी होऊन हद्दीचे दगड बसल्याशिवाय काहीच तोडू नका. नव्या माणसाचं पहिलं भांडण तिथंच होतं.

रविवारी सकाळी मी कुदळ घेऊन जाणार आहे. एक टणटणी त्याच्यादेखत काढून दाखवतो आणि माझा तो मुरमाचा कोपराही दाखवतो. जेसीबीवाला आमच्या ओळखीचाच आहे, त्याला चहा पाजून परत पाठवता येईल.