बाजार मलकापुरात, इंटर्नशिप मात्र अंधेरीत

मलकापूरहून पन्नासेक किलोमीटरवर, खामगावात, हिंदुस्तान युनिलिव्हरचा साबणाचा मोठा कारखाना आहे. साबण आपल्या जिल्ह्यात तयार होतो, आपल्याच जिल्ह्यातल्या किराणा दुकानांत विकला जातो. पण त्याची जाहिरात कशी करायची, छोट्या वडीची किंमत किती ठेवायची, कोणत्या गावापर्यंत माल पोचवायचा, हे मुंबईत अंधेरीच्या मुख्य कार्यालयात ठरते. मार्केटिंग शिकू पाहणाऱ्या मलकापूरच्या मुलाला किंवा मुलीला मोठ्या कंपनीत इंटर्नशिप हवी असेल, तर तिकडेच जावे लागते, नाहीतर पुण्याला. याच कंपनीचा जुना इतिहास मात्र उलट दिशेचा आहे. तेव्हाच्या हिंदुस्तान लिव्हरने 1976 साली उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात ग्रामविकासाचे काम सुरू केले, आणि पुढे आपल्या तरुण प्रशिक्षणार्थी व्यवस्थापकांना काही आठवडे खेड्यात राहायला पाठवण्याचा रिवाज पाडला. ज्याला गाव कळत नाही त्याला गावात माल विकता येत नाही, हे कंपनीने ओळखले होते. उत्तम संस्थांतून निवडलेल्या मुलांना पगार देऊन खेड्यात धाडावे, इतके त्या ज्ञानाचे मोल तिला वाटले. आपल्या तालुक्यातल्या मुलांकडे त्यातले बरेचसे ज्ञान आधीपासून असते, पण त्यांच्या अर्जात ते लिहायला रकानाच नसतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, मलकापूरसारख्या गावातल्या विद्यार्थ्यांची मार्केटिंगची इंटर्नशिप मोठ्या कंपनीचीच असावी, पण ती इथल्या बाजारात, एक पूर्ण हंगाम, विद्यावेतनासह आणि नेमून दिलेल्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर व्हावी.

सध्याची व्यवस्था याच्या जवळपासही नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, चार क्रेडिटचे झाले. एका क्रेडिटला तीस तास धरले तर एकूण 120 तास होतात. रोज आठ तास म्हटले तर पंधरा दिवसांचे काम. तेवढ्यासाठी मुंबईची कोणती कंपनी दार उघडेल? मग विद्यार्थी ओळखीच्या दुकानातून किंवा नातेवाइकाच्या एजन्सीतून शिक्का मारून प्रमाणपत्र आणतो, कॉलेज ते फाइलला लावते आणि तास भरल्याची नोंद होते. शिकणे झाले की नाही, हे विचारणारे कोणी नसते. दुसरा रस्ता केंद्राने ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा. देशातल्या पहिल्या 500 कंपन्यांत वर्षभर काम, महिना पाच हजार रुपये आणि एकदाच सहा हजारांचे अनुदान, अशी तिची सुरुवातीची रचना होती. पहिल्या फेरीत सुमारे 1 लाख 27 हजार जागा निघाल्या, 82 हजारांवर जागा देऊ केल्या गेल्या, 28 हजारांच्या आसपास स्वीकारल्या गेल्या आणि प्रत्यक्षात रुजू झाले 8,700च्या जवळपास. ठिकाण दूर, कालावधी वर्षभराचा आणि काम आवडीचे नाही, ही कारणे पुढे आली. मुलांना शिकायचेच नाही, असा अर्थ या आकड्यांतून काढणे अन्यायाचे होईल. मलकापूर ते मुंबई रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर. तिथे कॉटबेसिसवर राहून, मेसचे पैसे भरून, लोकलचा पास काढून पाच हजारांत महिना कसा काढायचा, याचा हिशोब ज्या घरात करून पाहिला गेला, त्या घरातला मुलगा रुजू झाला नाही. त्याने केलेली बेरीज बरोबर होती.

आता इथे शिकण्यासारखे काय आहे ते पाहू, कारण लोकांची खरी शंका तीच असते. बीटी कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. दोन जनुकांच्या बियाण्याचे, म्हणजे बीजी-टूचे पाकीट 2024च्या हंगामात 864 रुपयांना होते, 2025 मध्ये ते 901 झाले. कंपनी कोणतीही असो, वरची मर्यादा तीच. म्हणजे जास्त भाव लावून आपले बियाणे भारी असल्याचे भासवण्याचा मार्ग बंद. मग मे-जूनमध्ये नांदुरा, मोताळा, मलकापूरच्या कृषी केंद्रांवर वीस-वीस वाणांत जी चुरस लागते ती कशाच्या बळावर? मागच्या वर्षी शेजारच्या शेतात काय पिकले, डेमो प्लॉट कोणाच्या बांधाला होता, बोंड किती वजनाचे आणि वेचायला सोपे आहे का, कृषी केंद्रवाल्याला कोणत्या पाकिटामागे जास्त सुटतात, आणि उधारी कोण देतो. किंमत बाजूला काढली की माणूस वस्तू कशी निवडतो, याचा इतका स्वच्छ धडा वातानुकूलित कार्यालयातल्या स्लाइडवर सापडणार नाही. विद्यार्थ्याने एका कंपनीसाठी एवढेच शोधावे: या तालुक्यातला शेतकरी वाण बदलतो तो कोणाच्या सांगण्यावरून? चाळीस दुकाने आणि दीडशे शेतकरी गाठून, नीट टिपणे काढून त्याने याचे उत्तर आणले, तर ते कंपनीच्या कामाचे असेल आणि त्याच्या स्वतःच्या आयुष्यभर कामाचे असेल.

भाषेचेही तसेच. मलकापूर हे वऱ्हाड आणि खान्देश यांच्या शिवेवरचे गाव. इकडे वऱ्हाडी, मुक्ताईनगर-बोदवडकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या अंगाला बऱ्हाणपूरकडची हिंदी. शेतकरी मेळाव्यात पुण्याहून लिहून आलेले भाषण जसेच्या तसे वाचून दाखवले की लोक उठून जातात, आणि तेच इथल्या बोलीत सांगितले की प्रश्न विचारतात. कोणत्या गावात कोणत्या शब्दाने विश्वास बसतो, हे ज्या मुलाला घरातून माहीत आहे, त्याला ते शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासायला शिकवणे, हेच मार्केटिंगचे शिक्षण. त्यात जबाबदारीचाही धडा आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो विषाची तीव्रता सांगतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. विक्री वाढवायला निघालेल्या प्रशिक्षणार्थ्याला त्या त्रिकोणाचा अर्थ समजावून सांगता आला नाही, तर त्याला बाजारात पाठवूच नये. ज्याचे ग्राहक त्याचे शेजारी आहेत, त्याला ही गोष्ट वेगळी पटवावी लागत नाही.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, मोठ्या शहरात राहणे हेच मोठे शिक्षण. इंग्रजीत बैठक कशी चालते, जाहिरात संस्थेशी कसे बोलतात, आकड्यांवरून निर्णय कसे होतात, हे मलकापुरात दिसणार नाही. हे खरे आहे. पण त्यासाठी पूर्ण इंटर्नशिप शहरात हवी असे नाही. हंगामाच्या शेवटी कंपनीने स्वखर्चाने विद्यार्थ्याला आठवडाभर मुख्य कार्यालयात बोलवावे आणि त्याने आपले निष्कर्ष तिथल्या मार्केटिंग विभागासमोर मांडावेत. हातात सांगण्यासारखे काही असलेला मुलगा त्या खोलीत ताठ मानेने बसतो, आणि तोडक्या इंग्रजीतही त्याचे ऐकले जाते. दुसरा आक्षेप, कंपन्यांची इथे कार्यालयेच नाहीत. कार्यालय नसले तरी सेल्स ऑफिसर आहे, डिस्ट्रिब्युटर आहे, गोडाऊन आहे, ठरलेल्या वारी गावोगाव फिरणारी गाडी आहे. मार्केटिंगचे काम तिथेच चालते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. स्थानिक इंटर्नशिप म्हणजे स्वस्तात मिळालेला पोऱ्या: पत्रके वाटा, बॅनर बांधा, टार्गेट पूर्ण करा, आणि शेवटी प्रमाणपत्र घ्या. हा धोका आजही आहे, आणि शहरातल्या कार्यालयातही इंटर्नला दिवसभर एक्सेलमध्ये नावे भरत बसवले जातेच. त्यावर उपाय अटींचा आहे. विक्रीचे टार्गेट प्रशिक्षणार्थ्यावर लादायचे नाही. प्रश्न कोणता आणि मार्गदर्शक कोण, हे सुरू होण्याआधी लेखी ठरवायचे. विद्यावेतन बँक खात्यात जमा करायचे आणि गाडीभाडे वेगळे द्यायचे. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 पासून आहे. त्याच्या नियमांत 2019 मध्ये पदवीधर शिकाऊ उमेदवारासाठी महिना किमान नऊ हजार रुपये ठरले. यूजीसीने 2025 मध्ये पदवीतच शिकाऊ उमेदवारी जोडण्याची मार्गदर्शक तत्त्वेही दिली, ज्यात किमान एक सत्र प्रत्यक्ष कामात जाते. म्हणजे 120 तासांच्या पलीकडे जायला दार उघडे आहे, कॉलेजांनी त्यातून जायचे ठरवले पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच निकडीचे आहे. एकटीने अनोळखी शहरात वर्षभर राहायला अनेक घरे तयार होत नाहीत. घरून जाऊन-येऊन करता येणारे काम असेल, एसटीच्या वेळा पाहून रूट ठरवला असेल आणि सोबत दुसरी प्रशिक्षणार्थी असेल, तर त्या घरांचा नकार टिकत नाही.

हे नवे किंवा अशक्य आहे असेही नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात येतात, शेतकऱ्यांसोबत बीजप्रक्रिया करतात, माती परीक्षणाचे नमुने घेतात. गावोगाव त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणून ओळखतात. सगळीकडे ते सारख्याच गांभीर्याने होते असे नाही, पण गाव हेच प्रशिक्षणाचे ठिकाण मानणारा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालू शकतो, हे त्याने दाखवले आहे. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांना मात्र अजून आपला बाजार हा अभ्यासाचा विषय वाटत नाही. बियाणे आणि खतांच्या कंपन्या खरिपाचे नियोजन उन्हाळ्याआधीच करतात. मलकापूर, नांदुरा, खामगावच्या कॉलेजांनी एकत्र येऊन दिवाळीनंतर लगेच त्यांना पत्र लिहावे. आमचे इतके विद्यार्थी आहेत, त्यांना ही गावे आणि या बोली येतात, आमच्या अटी या आहेत, तुमचा प्रश्न कळवा. मे उजाडल्यावर लिहिलेल्या पत्राचा उपयोग नाही, तोवर पाकिटे दुकानांच्या वाटेला लागलेली असतात.