रोचेस्टरचा चौथा बुरूज

इंग्लंडमध्ये मेडवे नदीच्या काठी रोचेस्टरचा नॉर्मन किल्ला उभा आहे. त्याचा सुमारे ११३ फूट उंचीचा चौकोनी मुख्य मनोरा कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम द कॉर्बेल यांनी ११२७ नंतर बांधविला. आतील एका आडव्या भिंतीने त्याचे दोन भाग पडतात. तिच्यातील विहिरीचे पाणी प्रत्येक मजल्यावर ओढून घेता येत असे.

१२१५ मध्ये हा किल्ला बंडखोर सरदारांच्या हाती गेला, तेव्हा राजा जॉनने त्यास वेढा घातला. दगडफेकीच्या यंत्रांना मनोरा दाद देईना. मग आग्नेय कोपऱ्याखाली भुयार खणून त्यातील लाकडी टेकूंना आग लावण्यात आली. कोपरा ढासळला, तरीही शिबंदी आडव्या भिंतीच्या आश्रयाने लढत राहिली. सुमारे सात आठवड्यांनंतर तिला अखेर नमविले ते भुकेने.

तिसऱ्या हेन्रीच्या काळात तो कोपरा पुन्हा उभारला गेला, परंतु गोल आकारात. कारण गोल बुरुजाला शत्रूने पोखरावा असा कोन नसतो. आजही तीन चौकोनी बुरुजांच्या जोडीला हा चौथा गोल बुरूज दिसतो. झालेला आघात न लपविता त्यापासून घेतलेला धडा त्या दगडांत कायमचा कोरला गेला आहे.